सुतळीवरच्या एक्केचाळीस गाठी

भरवसा कुणावर ठेवाल, सांगा बघू. रस्त्यात दोर आडवा बांधणाऱ्यावर, त्या दोरापाशी अडकून पडलेल्यावर, की दोर विकणाऱ्यावर?

घाईने उत्तर देऊ नका. दोर विकणारा मी आहे.

"बाबा, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" हिरामणने असं विचारलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो.

बाबा रांजणात पाणी ओतत होते. ओतत राहिले...

हे रहेमानबाबा. बोरदरी फाट्यापासून दोन किलोमीटरवर, हमरस्त्याच्या कडेला, चिंचेखाली त्यांचा तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा. फकिराला लागतं तेवढंच सामान. एक चटई, दोन रांजण, चार पेले. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं आणि पाजताना एकच विचारायचं, कुठं निघालात?

बाबांना लिहिता येत नाही. मीही शाळेत गेलो नाही, पोत्यांवरची अक्षरं वाचत वाचत शिकलो. बाबांनी तेवढाही खटाटोप केला नाही. कुणी पाणी प्यायलं की कमरेच्या सुतळीला एक गाठ मारायची. दिवस कलला की एकेक गाठ सोडायची. सोडताना तो माणूस आठवायचा, पोचला असेल बिचारा, असं म्हणायचं, आणि पुढची गाठ.

सुतळी माझ्या दुकानातली. एक गुंडी त्यांना वर्षभर पुरायची.

हिरामण बोरदरीचा. याच चिंचेखाली लहानाचा मोठा झाला. बोलायला बाबांकडे शिकलो, असं तो अभिमानाने सांगे. बाबा दिवसाला दहा शब्द बोलतात. हा त्यांच्याकडून एवढं कसं शिकला, ते मला अजून कळलेलं नाही.

बोरदरीचा पूल दोन वर्षांपूर्वी पुरात गेला. पावसाळ्यात गावची पोरं शाळेला जातात ती नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेल्या दोराला धरून. तो दोरही माझाच. माझा दोर तुटत नाही असं मी गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतो. पण नदी फुगली की सकाळी शाळेच्या वेळेला माझं गल्ल्यावर लक्ष नसतं.

तर मे महिना होता. पाऊस तीन आठवड्यांवर आलेला. बांधकाम खात्याच्या साहेबाने येऊन माप घेतल्याशिवाय पुलाचा कागद हलणार नव्हता, आणि साहेब काही येत नव्हता. अर्ज करून झाले, हातापाया पडून झालं. शेवटी हिरामणने नदीवरचा तोच दोर सोडून आणला आणि फाट्यावर हमरस्त्याला आडवा बांधला.

सकाळी नऊ ते दुपारी दोन. मे महिन्यातलं ऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तकियावर आला तो जमिनीच्या वीतभर वरूनच चालत. दोन्ही अंगांना दोन दोन किलोमीटर गाड्या लागल्या होत्या, असं त्याने सांगितलं. दोन पेपरांत फोटो. रुग्णवाहिका आली तिला हात जोडून वाट करून दिली, हे त्याने दोनदा सांगितलं. साहेब मात्र आला नाही. म्हणून येत्या सोमवारी दोर दिवसभर बांधायचा आणि बाबांनी सगळ्यांच्या पुढे बसायचं, असा त्याचा बेत होता. फकिराला पोलीस उचलत नाहीत.

बाबा रांजणात पाणी ओतू लागले. मग त्याने तो बाजूचा प्रश्न टाकला. त्यावरही बाबा ओततच राहिले, तेव्हा तो जरा तापला.

"रस्ता अडवल्याशिवाय कुणी ऐकतं का, बाबा? पाच तास माणसं उन्हात बसली, तेव्हा कुठे चार लोकांना बोरदरी कळली."

बाबांनी रांजणावर झाकण ठेवलं. कमरेची सुतळी सोडली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

गाठीच गाठी. मोकळी वीतभरही जागा नव्हती. म्हणून तर मी त्या दिवशी सकाळीच नवी गुंडी घेऊन गेलो होतो.

"काल सोडल्या नाहीत?" हिरामणने विचारलं.

"सुटेनात."

"का?"

"मी अडवलेली माणसं नाहीत ती..."

हिरामण हसला. एवढंच ना, द्या, मी सोडतो, म्हणत त्याने पहिल्या गाठीला नख लावलं.

बाबांनी त्याच्या बोटांवर हात ठेवला. "आधी कोण आहे ते सांग. मग सोड."

आता हिरामणला काय माहीत! मग बाबाच सांगू लागले. वर्षाचे शब्द त्यांनी त्या सकाळी खर्च केले असतील.

पहिली गाठ पिल्लंवाल्याची. पुठ्ठ्याच्या पेट्यांतून कोंबडीची पिल्लं घेऊन बाजाराला निघाला होता. स्वतः एक घोट प्यायला आणि उरलेला पेला पिल्लांवर शिंपडला. तरी अकरा गेली. दुसरी गाठ सुगंधाबाई कासारणीची. लग्नघरी बांगड्या भरायला निघाली होती. तिकडे नवरी हळदीच्या अंगाने, उघड्या मनगटांनी वाट बघत बसलेली. तिसरी ठगूआजीची. डोळे तपासायच्या शिबिराला निघाली होती. पोचली तेव्हा डॉक्टर गेले होते, परतताना सांगून गेली.

"आजारी माणसाला आम्ही अडवलं नाही," हिरामण लगेच म्हणाला. "रुग्णवाहिका आली तशी..."

"ती काळीपिवळीत होती."

आमच्या भागात आजारी माणूस काळीपिवळी जीपमधूनच जातो, मागच्या बाकावर, बारा जणांत तेरावा. मी पन्नास वर्षं बघतोय. हिरामणही त्यातूनच हिंडतो. पण दोर बांधला तेव्हा फक्त पांढरी गाडी सोडायची, हे त्याने कुठूनसं ऐकलेलं होतं, आणि तसंच केलं.

त्याने गाठीवरचं नख काढून घेतलं.

बाबांनी प्रत्येकाला आणखी एक गोष्ट विचारली होती, गाड्या कशासाठी थांबल्यात म्हणून. पिल्लंवाला म्हणाला, मंत्री यायचाय. सुगंधाबाईला वाटलं, पुढे ट्रक उलटलाय. ठगूआजी म्हणाली, कुणाचातरी पुतळा बसवतायत, देवा त्याचं भलं कर.

"आम्ही घोषणा देत होतो," हिरामण म्हणाला. "पुलाच्याच देत होतो."

"इथं ऐकू आल्या नाहीत."

दोन किलोमीटर. मीही मनात माप घेतलं. दोराच्या धंद्यात तेवढी सवय असतेच. दोराजवळचे शंभर जण सोडले तर त्या रांगेत बोरदरी कुणालाच कळली नव्हती.

हिरामणची बोटं सुतळीवरून पुढे सरकली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे एकावर एक दोन गाठी होत्या.

"ही जोडगाठ कुणाची?"

"दोनदा प्यायला तो. दहाला आला तेव्हा, आणि एकला परत फिरला तेव्हा."

"कुठं निघाला होता?"

बाबांनी पेला विसळला. उपडा घातला.

"बोरदरीला. जीपमध्ये मोजायची फीत होती. लाल-पांढरी काठी होती..."

हिरामण बाबांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. आता मी कुठे बघणार? मी चिंचेकडे बघितलं.

"तीन तास बसून होता?" त्याने विचारलं. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"निरोप पाठवला होता," बाबा म्हणाले.

निरोप घेऊन गेलो होतो मी. ऊन टाळत, गाड्यांच्या सावलीसावलीने दोन किलोमीटर चालत गेलो होतो. निरोप साधा होता. मागे एक साहेब अडकलाय, त्याला बोरदरीच्या पुलाची जागा बघायचीय, सोड. मी दोरापाशी पोचलो, मागे एक साहेब अडकलाय, इथपर्यंत बोललो, आणि हिरामणने माइक तोंडाशी धरला. कुठलाही साहेब असो, आपला साहेब आल्याशिवाय हा दोर सुटणार नाही, असं तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खोटं कशाला सांगू, टाळी मीही वाजवली. वाक्यच तसं होतं. आणि उरलेला निरोप तसाच घेऊन परत आलो. बाबांनी विचारलं तर म्हणालो, सांगितलं.

हे सगळं मी त्या सकाळी त्या दोघांसमोर कबूल केलं. या वयात कान धरायला लाज वाटत होती, पण धरले.

हिरामण मला दोन शिव्या देईल असं वाटलं होतं. तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून पुन्हा हसला. "शेट, साहेबाला यायला सांगायचं आणि वाटही आपणच अडवायची. असलं आंदोलन आपल्यालाच जमतं."

मग सुतळी गळ्यात अडकवून तो उठला. सोमवारचं काय, असं मी विचारलं. आधी या सुटू देत, म्हणाला.

एक्केचाळीस गाठी होत्या. माणसं शोधायची कशी? काळीपिवळीच्या ड्रायव्हरांना गाठलं. कोण कुठे चढला आणि कुठे उतरला हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पिल्लंवाल्याने त्याला भर बाजारात सोलून काढला. मग दिवसभर पेट्या उचलायला लावल्या. संध्याकाळी चहा पाजला आणि म्हणाला, पुलासाठी होतं होय, मग आधी बोलायचं ना. ठगूआजीला हिरामण आपल्या मोटारसायकलवर बसवून पुढच्या शिबिराला घेऊन गेला. चौदा मैल म्हातारी त्याच्या कानाशी त्या पुतळेवाल्यांना शिव्या घालत होती, आणि पुतळेवाले म्हणजे आपणच, हे सांगायचा याला धीर होईना. शेवटी शिबिराच्या दारात सांगितलं. आजीने त्याला जवळ बोलावून चेहरा चाचपून बघितला. "दिसायला तर बरा वाटतोस रे," म्हणाली.

सुगंधाबाईने मात्र तासभर तोंडातून शब्द काढला नाही. तो हात जोडून ओट्याखाली उभा, ती गिऱ्हाईक बायकांना बांगड्या भरतेय. मग म्हणाली, पुन्हा अडवशील तेव्हा मला आदल्या दिवशी सांग, मी आदल्या दिवशी जाईन. आणि परत येताना येऊन बसेन.

साहेबाच्या कचेरीतही गेला. साहेबाने त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तीन तास, मिनिट कमी नाही की जास्त नाही. मग आत बोलावलं. हिरामणने काही म्हणायच्या आत साहेबाने घड्याळाकडे बघितलं. हिरामण म्हणाला, बरोबर आहे, साहेब. तेव्हा म्हणे साहेबाच्या मिशीत हसू आलं. दोन दिवसांनी तो फीत घेऊन आला. काठीही आणली. नदी मोजली. फितीचं दुसरं टोक हिरामणने धरलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, नाही का? पण मापाचा कागद जिल्ह्याला गेला आणि तिथे जाऊन बसला. कागद बसला की त्याला उठवणं साहेबाच्याही हातात नसतं. पावसाला नऊ दिवस उरले. पोरांना पुन्हा माझा दोरच धरावा लागणार, अशी चिन्हं दिसायला लागली.

त्या सकाळनंतर अकराव्या दिवशी हिरामण तकियावर आला. मी होतोच. यावेळी तो जमिनीवरून चालत आला.

त्याने बाबांपुढे सगळं मांडलं. येत्या सोमवारी दोर पुन्हा बांधावाच लागणार होता, पण एकच तास. त्याची दवंडी तीन दिवस आधी बाजारात आणि काळीपिवळीच्या थांब्यावर द्यायची. दर दहा मिनिटांनी दोर खाली घालायचा. दोन्ही रांगांच्या अगदी शेवटी दोन दोन माणसं पाण्याच्या कळशा घेऊन उभी करायची, आणि प्रत्येक गाडीपाशी जाऊन ती विचारतील, कुठं निघालात? ज्याला खोळंबून चालणार नाही त्याला पुढे आणायचं, मग गाडी पांढरी असो की कुठलीही. आणि निरोप कुणाचाही असो, पूर्ण ऐकायचा. हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं.

बाबा ऐकत होते. रांजणातून पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. तो प्यायला.

मग हिरामणने गळ्यातली सुतळी काढली. मऊ पडली होती, गाठींच्या खुणा राहिल्या होत्या, पण मोकळी होती. टोकाशी तेवढी एक गाठ शिल्लक होती.

"चाळीस सुटल्या," तो म्हणाला. "हा एक सापडत नाही. निळ्या सायकलवरचा, डोक्याला पंचा. कुठं निघाला होता, बाबा?"

"तो बोलला नाही. पाणी प्यायला... आणि रांगेकडे बघत बसला."

हिरामणने गाठ बोटांत फिरवली. "अकरा गावं पालथी घातली. आता एकच तर आहे. आपणच सोडून टाकू का? कुणाला कळणार आहे?"

मला खरं तर ते पटलं होतं. चाळीसात एक, धंद्यात एवढं चालतं. मी मान डोलवायच्या बेतात होतो.

बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मान होती तिथेच राहिली.

हिरामणने हात मागे घेतला. सुतळी घडी करून खिशात ठेवली, गाठीसकट. उठता उठता तीच जुनी मागणी त्याने केली, पण या वेळी हळू आवाजात. "सोमवारी याल ना, बाबा? पुढे बसाल?"

बाबांनी माझ्या नव्या गुंडीची हातभर सुतळी तोडली. ताणून बघितली. त्याच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटली.

"येईन. रांगेच्या शेवटी बसेन... या वेळी अडवलेल्यांच्या गाठी तू मार. खऱ्या मार."