तळ्याकाठचा ड्रम

खडकवाडीत सामुदायिक शेततळं झाल्यापासून एक नियम होता. पाणी मोजायचं ते अध्यक्ष दाजीबातात्यांनी, इतरांनी विचारायचंही नाही.

मार्चच्या सभेत तात्या म्हणाले, "पाणी झपाट्यानं उतरतंय. बायकांची रोपवाटिका बंद करा."

त्या रोपांवर हर्षलाच्या आईसकट अकरा बायकांचं वर्ष होतं. शेतीची पदवी घेऊन आलेली हर्षला उठली. "तळ्याला खाली प्लॅस्टिकचा कागद आहे, पाणी मुरत नाही. मग जातं कुठं?"

"ऊन पितंय, पोरी. कॉलेजात एवढंही शिकवलं नाही?"

सभा हसली. हर्षलाला मात्र तळ्याला लागून असलेली तात्यांची हिरवीगार डाळिंबाची बाग दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं पाण्यानं भरलेला उघडा ड्रम तळ्याकाठी ठेवला. ड्रमात आणि तळ्यात खुणा केल्या. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी फक्त रोपवाटिकेलाच मिळायचं; तेही आठ दिवस न घेता बायकांनी रोपांना घरून हंड्यानं पाणी आणून घातलं. नवव्या दिवशी तिनं सगळ्यांना काठावर बोलावलं.

"तात्या, ड्रमातलं पाणी तीन बोटं उतरलंय, तळ्यातलं हातभर. ऊन दोन्हींवर सारखंच पडलं. मग तळ्यावरचं ऊन तेवढं पाणी पिऊन तुमच्या डाळिंबांना पाजतं का?"

बायका फिस्सकन हसल्या. तात्या लालबुंद झाले. "मोठ्यांपुढं जीभ चालवतेस? आधी तो ड्रम उचल!"

"उचल, उचल," म्हातारी मंडळी ओरडली.

"नाही उचलणार. ज्याला उचलायचाय, त्यानं आधी बाकीचं पाणी कुठं गेलं ते सांगावं."

एकही हात पुढं आला नाही; ड्रम तळ्याकाठीच राहिला.