सांभाळून घ्या तिला

"पण टिकेल ना, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय टिकंल?"

"गाडी."

"हं…"

एवढं बोलून ते पुढची पाकळी सोलायला लागले. सर्जेराव चौगुलेला हे नवीन नव्हतं. उमेदवारीच्या दिवसांतही असंच व्हायचं. आपण काही विचारावं, वस्तादांनी हातातलं काम संपवावं आणि मग उत्तराऐवजी उलटा प्रश्न टाकावा. तेव्हा त्याला या गोष्टीची मौज वाटायची. आता पन्नाशी आली होती आणि मौज वाटण्याइतका दम उरला नव्हता.

वस्ताद म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एके काळचे नामांकित इंजिनवाले. कोल्हापुरात तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणायची रीत, पण इंजिन उघडायला शिकलेल्या पोरांनी तो मान ह्यांना देऊन टाकला होता. पुढे हात थरथरायला लागले. तेव्हा त्यांनी पाने-पकडी अशी आपली सगळी हत्यारं शिष्यांत वाटली आणि घाटाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका पीराच्या तकियावर, म्हणजे फकिरांच्या मुक्कामाच्या जागी, येऊन राहिले. झाडलोट करायची, दिवा लावायचा, आपल्यापुरता भात रांधायचा. येणारे-जाणारे त्यांना फकीर समजत. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं तरी बोलावं लागतं, आणि बोलायचा त्यांना कंटाळा.

त्या वाटपात मोठा पाना सर्जेरावला मिळाला होता. पट्टशिष्यच तो.

आज तो लेकीला घेऊन आला होता. शर्वरी नर्स झाली होती आणि घाटाखालच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक लागली होती. दुपारी हजर व्हायचं होतं. पाळ्या अशा, की एस.टी. उपयोगाची नाही. म्हणजे रोज घाट उतरायचा आणि चढायचा, तोही घरच्या गाडीनं. आणि घरात गाडी एकच.

ती समोर जांभळाच्या सावलीत उभी होती. दिसायला चारचौघींसारखी छोटी गाडी. पण तिच्यात टर्बो होता, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ती हवा किती कोंबायची याला कंपनीनं हद्द घातली होती. सर्जेरावनं लॅपटॉप जोडून ती हद्द उठवली. गाडी अशी पळायला लागली, की मोठमोठ्या गाड्यांचे मालक सिग्नलला काच खाली करून विचारत, हे काम कुणाचं? सर्जेरावचं दुकान त्या एका प्रश्नावर उभं राहिलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिनं नाव मिळवून दिलं की हौसेचा धर्म होतो.

बायकोला मात्र ह्या धर्माचा वीट आला होता. नाकापेक्षा मोती जड झालाय, असं ती उघड म्हणायची. शर्वरी ती गाडी नेणार म्हटल्यावर बायकोनं एकच अट घातली. वस्तादांना विचारा. ते टिकेल म्हणाले तर पोरीला द्या, नाहीतर मी तिला गाडीत बसू देणार नाही.

म्हणून सर्जेराव होकार घ्यायला आला होता. नुसता होकार. फार काही मागत नव्हता तो.

शर्वरी गाडीला टेकून फोनवर कुणा मैत्रिणीला विचारत होती, की हजर व्हायला कुठल्या खोलीत जायचं. तिचं इकडं लक्ष नव्हतं.

सर्जेरावनं आपलं घोडं पुढं दामटलं. आत काय काय घातलंय ते त्यानं सांगितलं. क्लच वरच्या दर्जाचा, पाइप जाड, तेल सगळ्यात भारी. कंपनीनं सांगितल्याच्या निम्म्यावर बदलतो. आणि आत लेक बसलीय असं समजून रोज बोनेट उघडून बघतो.

"रोज?" वस्तादांनी विचारलं.

"रोज."

"काय बघतोस?"

"सगळं ठीक हाय का ते."

"असतं ठीक?"

"असतं की."

"मग दुसऱ्या दिवशी कशाला उघडतोस?"

सर्जेरावनं मान वळवून गाडीकडं पाहिलं.

रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ खाली बसली.

"सर्जा," वस्ताद म्हणाले, "ताकाला आलायस. भांडं कशाला लपवतोस?"

सर्जेरावनं लसणाची एक पाकळी उचलली आणि परत ठेवली.

"काय झालं ते सांग."

सर्जेरावनं इकडं-तिकडं पाहिलं. मग शर्वरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. दिवाळीच्या आधी तो आणि बायको राधानगरीकडून येत होते. चढावर हवेचा पाइप दाबानं निसटला. नवाच पाइप. गाडी गपकन बसली. पाठोपाठ भरलेला ट्रक होता. ड्रायव्हर शहाणा म्हणून वाचलो. बायको त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाही.

"पण आता तिथं दुहेरी पट्टी लावलीय, वस्ताद. आता तो पाइप निसटायचा न्हाई."

"तो न्हाई निसटायचा."

"मग झालं की."

"दुसरं काय तरी निसटंल."

हे ते काही रागानं म्हणाले नाहीत. पाऊस येईल असं म्हणावं तसं म्हणाले. सर्जेरावला मात्र ते झोंबलं. एवढी वर्षं कानात जपून ठेवलेलं वाक्य त्यानं गुरूच्या अंगावर टाकलं.

"तुम्हीच शिकवलंय मला. मागंल तेवढं इंजिन देतं, फक्त मागायला यायला पाहिजे."

"शिकवलं व्हय." वस्तादांनी हातातला लसूण खाली ठेवला. "तवा मला वाटायचं, देतंय म्हणजे त्याच्याकडं असंल…"

त्यांनी सालपटं गोळा करून बाजूला सारली आणि हात पुढं केला. हात थरथरत होता.

"किल्ली दे."

"कशाला?"

"एक चक्कर मारून येतो. बघू तुझी गाडी."

वस्तादांना स्टीअरिंग धरून कैक वर्षं झाली होती. तरी गुरूचा शब्द मोडायचा कसा? सर्जेरावनं खिशातून किल्ली काढली. काढली, पण दिली नाही. तो सांगायला लागला.

सुरू केल्या केल्या दाबायची नाही, इंजिन गरम होऊ द्यायचं. चढाला वरच्या गिअरमध्ये जोर लावायचा नाही, आधी गिअर उतरवायचा. मधल्या काट्यावर नजर ठेवायची, तो लालकडं सरकला की पाय उचलायचा. पेट्रोल संपत आलं तरी कुठल्याही पंपावर शिरायचं नाही, तिला साधं चालत नाही. घाट चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही, टर्बो तापलेला असतो, उभ्या जागी थोडा वेळ चालू ठेवायची. आणि हवेची एक बारीक शीळ येते, ती बदलली असं वाटलं तर असाल तिथं गाडी बाजूला घ्यायची. फरक थोडाच असतो. पण कळतो, सवयीनं कळतो.

वस्तादांचा हात तसाच पुढं होता.

"आणि…" सर्जेराव अडखळला. "जरा सांभाळून घ्या तिला."

वस्ताद हसले. दात नसलेलं, दमलेलं हसू.

"माझ्या थोरलीच्या लग्नात मी तिच्या सासऱ्याला हेच म्हणलो हुतो. हेच शब्द."

सर्जेरावलाही हसू आलं. कुठला मुलीचा बाप हे म्हणत नाही? मांडवात म्हणतात, निरोपाच्या वेळी म्हणतात, गाडीच्या खिडकीत डोकं घालूनही म्हणतात.

"आता मला सांग," वस्ताद म्हणाले. "पोर रातपाळी करून घाट चढणार. डोळ्यावर झोप. म्होरं धुकं. तवा कुणी कुणाला सांभाळून घ्यायचं? पोरीनं गाडीला, का गाडीनं पोरीला?"

सर्जेरावनं शर्वरीकडं पाहिलं. फोन संपवून ती डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बघत होती. आईनं डबा दिला होता. उंचीनं ती त्याच्या खांद्याला लागत होती, आणि आपण तिला अशा गाडीत घालून घाटात सोडणार होतो, जी चालवताना आपल्या स्वतःच्या मानेला रग लागते. त्याला लाज वाटली. लाज वाटली की तो चिडायचा, पण आज चिडायलाही अंगात काही नव्हतं.

वस्तादांनी हात मागं घेतला. चक्कर मारायची त्यांना गरज नव्हती.

सर्जेराव उठला. गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी उघडून त्यानं लॅपटॉप काढला, स्टीअरिंगखाली वायर जोडली आणि ड्रायव्हरच्या जागेवर आडवा बसला.

शर्वरी जवळ आली.

"आबा, काय करताय?"

"काढतोय."

तिला लगेच कळलं. बापाच्या दुकानात वाढलेली पोर ती.

"सगळं?"

"सगळं. कंपनीनं दिलती तशी करतोय."

"पण लोक ही गाडी बघायला येतात, आबा."

"येऊ देत की. गाडी हायच."

ती दारापाशी उभी राहिली आणि पडद्यावरची रेघ डावीकडून उजवीकडं सरकताना बघत राहिली. एवढ्या वर्षांची करामत उतरवायला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. रेघ पुरी झाली तेव्हा त्यानं वायर काढली, गुंडाळली आणि उगीचच रुमालानं हात पुसले. हात स्वच्छच होते.

मग तो तकियाकडं चालत गेला. जाताना त्याला हलकं वाटत होतं आणि थोडा अभिमानही वाटत होता, हे खोटं कशाला सांगायचं. नाव सोडणं सोपं नसतं. आपण सोडलं. उद्यमनगरात दुसरा कुणी सोडून दाखवेल का?

"काढलं, वस्ताद. काही ठेवलं न्हाई."

त्याला वाटलं, आता तरी पाठीवर हात पडेल.

"हं…" वस्ताद म्हणाले आणि चुलीत काटक्या सारायला लागले.

शर्वरी पाया पडायला आली. वस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात दुवा दिली. दवाखान्यात पहिल्या दिवशी कुणी ओरडलं तर मनावर घेऊ नकोस, असंही सांगितलं. ती हसली. आजोबा, मीच ओरडेन, म्हणाली.

सर्जेराव तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेला. तो इथूनच एस.टी.नं माघारी जाणार होता. किल्ली तिच्या हातात देताना मघाचं सगळं पुराण त्याच्या जिभेवर आलं. गरम होऊ दे, काट्याकडं बघ, बंद करताना थांब. त्यानं ते मोठ्या कष्टानं गिळलं.

"सावकाश जा," एवढंच म्हणाला.

"तुम्ही जेवून घ्या, आबा," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करते."

तो तकियाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. वस्तादही चुलीपासून उठून आले होते. आपण पोरीला एकही सूचना दिली नाही, हे त्यांनी पाहिलं असणार, या विचारानं सर्जेरावला बरं वाटलं.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर… ठीक. रस्त्याला लागली. दुसरा. आता जोर मऊ आला होता, पूर्वीसारखा पाठीत बुक्की घालणारा नव्हता. नीट ऐकू यावं म्हणून सर्जेरावनं डोळे मिटून घेतले. तिसरा. शीळ होती, पण बारीक, एका सुरात. कुठं खरखर नाही, कुठं गळती नाही. पुढं सरळ लांब रस्ता होता, तिथं तिनं वेग धरला तरी सूर हलला नाही. मग वळण आलं असणार. आवाज डोंगराआड गेला, थोडा घुमला आणि विरला.

त्यानं डोळे उघडले. रस्ता रिकामा होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या मानेची रग सैल झाली होती.

"आवाज एकदम स्वच्छ हाय, वस्ताद," तो म्हणाला. "शेवटपर्यंत ऐकला. आता मला कसली काळजी न्हाई."

वस्ताद अजून रस्त्याकडंच बघत होते. त्यांचा थरथरता हात वर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"पोरगी पार वळणापतूर हात हलवत हुती, सर्जा."