कोरड्या पंखांवरचे दव

त्या राज्यात मध संपत आला होता, प्रार्थना मात्र एकदाही चुकली नव्हती.

राज्य मधमाश्यांचे होते. कड्याच्या माथ्यावरच्या कपारीत वसलेले, पूर्वेकडे दार असलेले; दारात उभे राहिले की चारही दिशा दिसत. दाराबाहेरची झुडपे वाळून नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि आतल्या कोठ्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. तरी रोज उजाडताना साऱ्या माश्या वेदीपुढे जमत, आणि तिथे चार नाच होत.

त्या नाचांची हकिकत जुनी होती. दाराशीच फुलांची रेलचेल होती त्या काळी एक परकी माशी तिथे आली. तिचे पंख फाटलेले होते, पण तिने आणलेला मध चाखल्यावर कोणालाही घरचा मध गोड लागेना. तो तिने दिसेल तिला वाटला. मग उजाडल्यापासून ती दारात नाचत राहिली, आणि दिवस मावळला तेव्हा उंबरठ्यावरच तिने प्राण सोडला. भरल्या पोटी नाच कोण बघतो? चौघीजणी तेवढ्या, ज्या वेळी जिला कामातून सवड झाली त्या वेळी, तिच्यापुढे थांबल्या. त्यांनी पाहिले ते जिवापाड जपले आणि पुढच्यांना शिकवले. हा नाच म्हणजे त्या मधाची वाट आहे, एवढे साऱ्यांना ठाऊक होते.

अडचण अशी, की चौघींचे नाच जुळत नव्हते. प्रत्येक नाच सूर्याकडे तोंड करून सुरू व्हायचा. पहिल्यात नाचणारी डावीकडे वळून सरळ धावायची. दुसऱ्यात सूर्याकडे चक्क पाठ फिरवायची. चौथ्यात उजवीकडे धावायची, आणि तिसऱ्यातली धाव दुसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कुठेतरी पडायची. उपासमार सुरू झाली तेव्हा काही धाडसी माश्या सकाळच्या प्रार्थनेतला चौथा नाच पाहून तशाच उडाल्या. त्या थेट जळक्या खडकांवर गेल्या आणि परत आल्या नाहीत.

तेव्हापासून दोन तट पडले. कोरांटी नावाची एक तल्लख माशी होती. ती म्हणे, चार साक्षीदार आणि चार वाटा, म्हणजे चारही खोट्या. नाचता येईना अंगण वाकडे, असे तिला कोणीतरी सुनवायला हवे होते. पण उपाशीपोटी म्हणी सुचत नाहीत. वेदीची म्हातारी राखणदार धायटीमावशी म्हणे, नाच पुजायचा असतो, त्याच्यामागे उडायचे नसते. तिला दोष तरी कसा द्यावा? न परतलेल्यांत तिची सख्खी धाकटी बहीण होती.

प्रत्येक नाचाआधी एक लहानशी खूण असे. पहिल्याआधी नाचणारी पायाने आपल्या पंखांवरून काहीतरी निपटल्यासारखे करी. दुसऱ्याआधी पंख भरभर हलवून वारा घाली. तिसऱ्याआधी डावा डोळा मिटून घेई. चौथ्याआधी अंग आखडून शहारे. कोरांटीच्या मंडळींनी नाच तपासायला घेतले तेव्हा ही बिनकामाची नक्षी त्यांनी सर्वांत आधी काढून टाकली. मावशीने मात्र एक शहारासुद्धा गाळला नाही. का, ते तिलाही सांगता येत नसे. त्या परकीने केले म्हणून आपण करायचे, एवढेच तिचे उत्तर.

पिल्लांना भरवणारी सोनकी मावशीकडेच नाच शिकली होती, खुणांसकट. तिचे नाचावर प्रेम होते. पण तिच्या डोळ्यांसमोर पिल्लांचा घास रोज लहान होत होता, आणि कोपऱ्यातल्या घरातले सर्वांत धाकटे पिल्लू आता तोंडही वर करीत नव्हते. त्या पिल्लापुढे उभी राहिली, की सोनकीला प्रार्थना आठवेनाशी होई.

एका दुपारी उकाडा असह्य झाला. पिल्लांना वारा घालायला तिने पंख भरभर हलवले आणि ती एकदम थबकली. हे आपण रोज करतो. वेदीपुढे, थंडगार सकाळी, दुसऱ्या नाचाआधी! ती परकी माशी देखावा करत नव्हती. तिला उकडत होते. जिने तो नाच पाहिला, तिने तो दुपारी पाहिला होता.

सोनकी दारात धावली. सूर्य दक्षिणेकडे कलता तळपत होता. तिने सूर्याकडे पाठ केली, तर समोर आली दोन डोंगरांमधली खिंड. ती खिंडीकडे बघत तिथेच थांबून राहिली. उन्हे कलून डाव्या डोळ्यावर आली, तिने तो मिटला, आणि तिसऱ्या नाचाची धावही खिंडीकडेच गेली. सांजावताना गार वारा सुटला, अंग शहारले आणि तिने चौथा नाच धरला. मावळत्या सूर्याकडे तोंड, उजवीकडे धाव. समोर पुन्हा तीच खिंड! तिला रडू फुटले. चौघींतली एकही खोटे बोलली नव्हती. सूर्य तेवढा सरकत गेला होता.

पहाटे ती मावशीकडे गेली.

"मावशी, आपण चारही नाच एकाच वेळी करतो. ते चार वेळांचे आहेत गं."

मावशीने सगळे ऐकून घेतले.

"माझी बहीणही अशीच खात्रीने गेली होती, पोरी."

"तिने शहारा लक्षात घेतला नाही, मावशी. तुम्ही तो जपलात, म्हणून मला वाट दिसली."

वेदीखालच्या कोठीत त्या परकीच्या मधाचा अखेरचा थेंब ठेवलेला होता. त्याला आजवर कोणी तोंड लावले नव्हते. मावशीने कोठी उघडली. "वाटेत ताकद लागेल," ती म्हणाली. "जा."

उगवता सूर्य उजव्या पंखाशी धरून सोनकी उडाली. खडक आले, तहान आली, खिंडीतला वारा पंखांच्या कडा फाडू लागला. वळून परत जावे असे तिला खूपदा वाटले, पण पिल्लाचे ते मिटलेले तोंड आठवे आणि ती पुढे जाई. खिंड ओलांडली, आणि खाली ओढ्याकाठी नजर पोचेल तिथवर फुलेच फुले होती.

ती परतली तेव्हा अंधारायला आले होते. आधी कोपऱ्यातल्या पिल्लाच्या तोंडात थेंब सोडला आणि ते चोखू लागले तेव्हाच तिथून हलली. मग कोरांटीला भरवले, मावशीला भरवले आणि दारात येऊन नाचू लागली. शहारा, मावळतीकडे तोंड, उजवीकडे धाव. एक पाऊलही वेगळे नव्हते. कोरांटी ओठावरचा मध चाटत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मावशीने नेहमीप्रमाणे कोरडे पंख निपटून पहिला नाच केला. नाच संपवून तिने मान वर केली, तर वेदीपुढे कोणीच नव्हते. दारातून उजेड आत येत होता आणि बाहेर पंखांची गुणगुण दूर दूर जात होती. मावशीला क्षणभर राग आला. मग तीही दाराकडे निघाली.

तिला पोचायला उशीर झाला. ओढ्याकाठच्या गार सावलीत अजून सकाळ रेंगाळत होती. ती पहिल्याच फुलात कशीबशी उतरली, तसे ते लवले आणि पाकळीवरचे दवाचे थेंब तिच्या अंगावर सांडले. आयुष्यभराच्या सवयीने तिचा पाय पंखांवरून फिरला.

पाय ओला झाला.