कोनाड्यातल्या पिवळ्या पुरचुंड्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक पाठशाळा होती. तिथले गुरुजी मायाळू, पण एका बाबतीत भारी कडक. रोज सकाळी दारातच ते प्रत्येकाचे तळहात उलटेसुलटे करून बघायचे, मग दात, मग केस. कुणी मळलेलं दिसलं की म्हणायचे, "बाळा, आज घरी जा. उद्या न्हाऊन ये."

नियम चांगलाच होता, त्यात वाद नाही. पण ज्यांच्या घरात पोटाला पुरेसं नाही, त्यांनी केसांना रिठे कुठून आणायचे, हे काही गुरुजींना सुचलं नव्हतं. ते सुचलं एका बाईला.

त्या गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत. थोरलीकडे सगळी रेलचेल, धाकटीचं मात्र बेताचंच. धाकटी काय करी, जुन्या धुवट लुगड्याचे तुकडे घेई, त्यात रिठे आणि शिकेकाई कुटून बांधी. सोबत पानात गुंडाळलेलं दंतमंजन ठेवी आणि वयात आलेल्या मुलींसाठी मऊ कापडाची घडी. पहाटे जाऊन ती हे सगळं नदीच्या घाटावर, भिंतीमागच्या कोनाड्यात ठेवून येई. ज्याला हवं त्याने न्यावं. कोनाड्याशी कुणी दिसलं तर आपण पाठ फिरवायची, अशी मग रीतच पडून गेली.

त्या गावात सगळेच रिठ्याची पुरचुंडी आख्खी कोमट पाण्यात भिजवून डोक्याला चोळत. सगळ्यांची फडकी सारखीच, जुनी आणि पांढुरकी. त्यामुळे घरची कुठली आणि कोनाड्यातली कुठली, हे कुणाला कळतच नसे. गोरगरिबांची मुलं ताठ मानेने पाठशाळेत बसू लागली. बुरुडाची मुलगी तर वाचण्यात सगळ्यांच्या पुढे गेली.

पाणवठ्यावर बायका म्हणत, "कोण ठेवतं कोण जाणे, पण तिच्या हातात माया आहे हो."

एकदा पहाटे थोरलीने धाकटीला कोनाड्याशी पाहिलं आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना. माझ्या अंगणात राबता एवढा, माझी कोठारं एवढी, आणि कौतुक हिचं? तेही फाटक्या लुगड्याचं? जेवताना घास गोड लागेना. धाकटीच्या घरातून हसण्याचा आवाज आला की ही आपलं दार धाडकन लावून घेई.

मग थोरलीने ठरवलं. रानातली माणसं वर्षातून एकदाच बाजारात रिठे आणत. तिने सगळेच्या सगळे उचलले. धाकटीच्या हाती एकही लागू नये, हा खरा हेतू. दान वगैरे नंतरचं. नवंकोरं कापड घेतलं, ते हळदीत पिवळंजर्द रंगवलं. वाळायलाही दम धरवेना, म्हणून ओल्यातच पुरचुंड्या बांधल्या. घरातला रिठ्यांचा डबाही त्यात पालथा केला आणि कोनाडा पार भरून टाकला.

धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, साधं फडकं घेतलं असतं तर बरं झालं असतं. रंग नको होता."

"माझं चांगलं तुला बघवत नाही," थोरली म्हणाली. "जळतेस तू माझ्यावर."

बघा, हे कोण कुणाला म्हणत होतं.

हळदीचा रंग आतल्या रिठ्यांनाही लागला होता. न्हाऊन आलेल्या मुलांचे तळहात पिवळे, मानेवर पिवळे ओघळ. गुरुजींनी दारात हात बघायला घेतले की सगळ्या पाठशाळेला दिसे. मुलं ती मुलंच. "कोनाड्यातली, कोनाड्यातली," म्हणून चिडवायला लागली. त्यात सगळ्यात मोठा आवाज थोरलीच्या लेकीचा. थोरलीच्या कानावर ते गेलं तेव्हा तिला बरंच वाटलं. चला, माझं दान निदान दिसतंय तरी.

हळूहळू कोनाडा भरलेलाच राहू लागला आणि पाठशाळा रिकामी होऊ लागली. बुरुडाची मुलगी आईजवळ बसून टोपल्या विणू लागली. आईने विचारलं तर म्हणाली, "न न्हाता गेले तर गुरुजी परत पाठवतात, आणि न्हाऊन गेले तर सगळे हसतात. मग जाऊ कशी?"

एके दिवशी थोरलीच्या लेकीलाच गुरुजींनी दारातून परत पाठवलं. घरात रिठा नाही, बाजारात नाही. होते ते सगळे कोनाड्यात. थोरली मनाशी म्हणाली, माझेच तर आहेत. तिने एक पिवळी पुरचुंडी पदराआड लपवून आणली आणि लेकीला न्हाऊ घातलं.

दुपारी लेक रडत परत आली. "आई, मी ज्यांना हसायचे ना, ते सगळे आज मला हसले. मी आता पाठशाळेत जाणार नाही."

थोरली लेकीचे हात राखेने घासत बसली. हात लाल झाले, पण रंग जाईना. टोपल्या विणणारी बुरुडाची पोर तिला तेव्हा पहिल्यांदा आठवली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कोनाड्याशी गेली. समोरून धाकटी आली. तिच्या हातात एक पांढुरकी पुरचुंडी होती, तिच्या स्वतःच्या घरातल्या शेवटच्या रिठ्यांची. तिने थोरलीला पाहिलं. पुरचुंडी कोनाड्यात ठेवली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून ती चालू लागली.

त्या फिरवलेल्या पाठीकडे बघून थोरलीला रडू आलं. ती पांढुरकी पुरचुंडी तिने उचलली खरी, पण घरी नेली नाही. ती बुरुडाच्या दारात, कुणी उठायच्या आत ठेवून आली.

मग दिवसभर बसून तिने सगळ्या पिवळ्या पुरचुंड्या सोडल्या. रिठे धुऊन, रंग उडेपर्यंत उन्हात वाळवले. आपलं जुनं लुगडं फाडलं आणि त्यात ते पुन्हा बांधले. धाकटी शेजारी येऊन बसली आणि गाठी मारू लागली.

थोरलीचा मत्सर एका दिवसात गेला असं मी म्हणणार नाही. तसा तो कुणाचाच जात नाही. पण महिनाभरात पाठशाळा पुन्हा भरली. गुरुजींनी हात पाहिले तेव्हा थोरलीची लेक आणि बुरुडाची लेक शेजारी उभ्या होत्या, आणि कुणाची पुरचुंडी कुठली, हे गुरुजींनाही सांगता आलं नसतं.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, मदत अशी करावी की घेणाऱ्याच्या हाताला देणाऱ्याचा रंग लागू नये.