दीडशे वर्षांचा नवरदेव

रसेंद्रनाथ नावाचा किमयागार राजा भोगदेवाच्या दरबारात आला. म्हणाला, "महाराज, पाऱ्याचं रसायन पिऊन मी दीडशे वर्षं जगलोय. तुमचे पणजोबा माझे लंगोटीयार! तुम्हालाही अमर करतो, पण राजकन्या मला द्या."

राजा हुरळला. त्याने तिथेच लग्न ठरवले आणि राजकन्या सुनेत्रेला बोलावले. सगळे ऐकून ती झपझप पुढे गेली आणि किमयागाराच्या पाया पडली.

"बाबांच्या पणजोबांचे मित्र म्हणजे माझे खापरपणजोबाच! आशीर्वाद द्या, मला तरुण नवरा मिळू दे."

आता रसेंद्रनाथाने हो म्हणावे, तर नवरी हातची जात होती. नाही म्हणावे, तर वय खोटे ठरत होते!

"तथास्तु," रसेंद्रनाथ कसाबसा पुटपुटला.

राजा खो खो हसत सुटला. "खापरपणजोबा, आता कन्यादानाला तुम्हीच बसा!"