बी न धरणारे रोप

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी मुंग्यांचे भले मोठे वारूळ होते. ओढ्याच्या अलीकडे पांढऱ्या फुलांची रोपे, पलीकडे पिवळ्या फुलांची. पावसाळा सरला की मुंग्या दोन्ही काठांवरचे बी वेचून नेत. जे रोप बी देणार नाही, त्याला काठावर ठेवायचे नाही, असा त्यांचा रिवाजच होता.

तिथल्या एका मधमाशीला मात्र अलीकडचे-पलीकडचे काही कळत नसे. पांढऱ्या फुलातला पराग अंगाला माखून ती खुशाल पिवळ्या फुलावर जाऊन बसे. त्यातूनच एके वर्षी एक वेगळे रोप उगवले. फुले पिवळी, पण पाकळ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. मधमाशीचा त्याच्यावर फार जीव जडला. पण फुले गळून गेली, तरी त्याने एकही बी धरले नाही.

थोरल्या मुंगीने रोपाभोवती तीन चकरा मारल्या. "ना धड इकडचं, ना धड तिकडचं," ती म्हणाली. "बी नाही म्हणजे पुढं वंश नाही. उगीच जागा कशाला अडवायची?"

"मावशी, राहू दे गं त्याला!" मधमाशी काकुळतीला आली. "असं हे एकच आहे. उपटलंत तर संपलंच."

"रिवाज तो रिवाज," असे म्हणून मुंगीने साळिंदराला बोलावणे धाडले.

साळिंदराला कंद म्हणजे जीव की प्राण. त्याने जमीन उकरली, रोपाचा हळदीसारखा पसरलेला कंद फोडला, पोटभर खाल्ला आणि उरलेले तुकडे पायांनी मातीसकट चौफेर उडवून ते ढेकर देत निघून गेले. मधमाशी बिचारी खूप रडली. कितीतरी दिवस ती त्या बाजूला फिरकलीसुद्धा नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाहावे तो काय! जिथे जिथे तुकडा पडला होता, तिथे तिथे कोंब फुटलेला. श्रावणात सारा काठ पांढऱ्या कडांच्या पिवळ्या फुलांनी भरून गेला. प्रत्येक रोप हुबेहूब त्या पहिल्यासारखे. त्यांना आता कोणी इकडचे म्हणेना की तिकडचे. जंगलात एक नवीच जात नांदू लागली होती.

"बी नसताना एवढा गोतावळा आणलास कुठून?" थोरल्या मुंगीने त्यातल्या एका रोपाला विचारले.

"मावशी, बी धरणं मला कधी जमलंच नाही," रोप शांतपणे म्हणाले. "माझा वंश जमिनीखाली होता. तुम्ही मला उपटायला साळिंदर धाडलंत, आणि त्यानंच मला सगळीकडं लावलं."

मुंगी ओशाळली. त्या वर्षापासून ती बी वेचायला येई, पण कोणाला उपटायला सांगत नसे.

तात्पर्य : जो आपल्या मापात बसत नाही, तो निकामी असतो असे नाही, जगण्याच्या वाटा आपल्याला ठाऊक असतात त्यांहून पुष्कळ असतात.