मॅनेज करणारा चाबुकस्वार

एका लहानशा संस्थानात हैबती नावाचा चाबुकस्वार होता. कितीही अडेल घोडं त्याच्या हाताखाली सरळ होई. तिथले राजेसाहेब विलायतेला जाऊन आले आणि येताना एक शब्द घेऊन आले: मॅनेज.

त्या साली पाऊस झाला नाही. राजेसाहेबांनी घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, निम्म्यावर आणली. हैबती विचारायला गेला, तर म्हणाले, "मॅनेज कर." त्याला शब्द कळला नाही, पण हुकूम कळला. घरातली ज्वारी चंदीत मिसळून त्याने पागा जगवली. मग राजेसाहेबांनी घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार काढून टाकले. हैबती स्वतःच लीद काढू लागला, गवत कापू लागला. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, पण राजेसाहेबांनी खणलंच.

पागेत चंद्रा नावाची गाभण घोडी होती. शिंगरू असल्यापासून हैबतीने तिला वाढवलं होतं. आता तिच्या बरगड्या दिसू लागल्या. हैबतीची बायको सगुणा म्हणाली, "एकदा तरी नाही म्हणा. मरेल ती घोडी. राजा नाही मरायचा."

हैबती नाही म्हणायलाच दरबारात गेला. त्याने तोंड उघडण्याआधी राजेसाहेबांनी त्याच्या खांद्यावर शेला घातला. "बघा, हा कसा मॅनेज करतो. शिका जरा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हैबतीचा नकार घशातच राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला शेला आवडलाही होता. तो घरी आला तेव्हा सगुणाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांत चंदी पार बंद झाली आणि वाड्याच्या दारात राजेसाहेबांची नवी मोटार आली. चंद्रा पोटातल्या शिंगरासकट मेली.

"एवढंही मॅनेज झालं नाही तुला?" राजेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी हैबतीला कामावरून काढलं.

गाव सोडताना हैबतीने शाळेच्या मास्तरांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. मास्तर म्हणाले, "आता कसंबसं निभावून नेण्याला तसं म्हणतात. पण मुळात तो 'हात' या अर्थाच्या एका जुन्या परदेशी शब्दावरून आला. घोड्याला लगाम घालून हवं तसं वळवायचं, त्यासाठी तो वापरीत."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला," हैबती म्हणाला. "आणि मला वाटत होतं, लगाम माझ्या हातात आहे."

तात्पर्य: जो सगळंच निभावून नेतो, त्याला शाबासकी मिळते आणि पाठोपाठ आणखी ओझं. नाही म्हणायच्या वेळी जो गप्प बसतो, त्याच्यापायी मुका जीव हकनाक जातो.